लतिकाताईंचं कुलूप

लतिकाताई विजयकरांना हसू आवरत नाही, हे वाडीतल्या मांजरालासुद्धा माहीत आहे. सत्यनारायणाच्या कथेत हसतात, वाडीच्या मीटिंगमध्ये हसतात, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत आ वासून बसल्या असतानाही हसतात. एकदा कोणाच्या तरी तेराव्याला गेल्या होत्या. तिथे ऐन मंत्र चालू असताना गुरुजींच्या फोनवर लावणी वाजायला लागली. झालं! बाई पदराचा बोळा तोंडात कोंबून जिन्यात जाऊन बसल्या. खांदे गदागदा हलतायत, डोळ्यांतून पाणी. घरच्या दोघीजणी येऊन पाठीवर हात फिरवून गेल्या आणि सगळ्यांना सांगत सुटल्या, लतिकाताईंना फार लागलं हो मनाला.

पण या सतत उघड्या तोंडातून एक गोष्ट आजवर बाहेर पडलेली नाही, ती म्हणजे दुसऱ्याचं गुपित. आणि गुपितं म्हणाल तर बाईंच्या हाताखालून रोज ढिगानं जातात. ठाकूरद्वारच्या अलीकडे याच वाडीत तळमजल्यावर नाबर वधूवर सूचक केंद्र आहे, तिथलं सगळं ऑफिस लतिकाताईच सांभाळतात. कोणाचं आधीचं लग्न मोडलंय, कोणाच्या पत्रिकेत काय आहे, कोणाच्या मुलाचा पगार बायोडेटात एक आणि बँकेत भलताच, सगळं ठाऊक. पण सौमित्रनं, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, जेवताना साधं "आज कोण आलं होतं गं?" विचारलं तरी उत्तर एकच, "माणसं आली होती. आमटी वाढू?"

केंद्राचे मालक तात्या नाबर मात्र अगदी उलटे. पंचाहत्तरी ओलांडली, पण मन असं की कोणी पाणी मागितलं तर हे माठच उचलून देतील. चांगला माणूस हो! पण चांगल्या माणसांनी करून ठेवलेला गोंधळ निस्तरताना जीव जातो, कारण त्यांना धड ओरडताही येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात तात्यांनी ऑफिसात नवं मशीन आणलं. छापतं, झेरॉक्स काढतं, कागद स्कॅन करतं, आणि वायफायवर चालतं. त्याचे नखरे बघावेत! कागद जरा दमट असला की अडणार, ट्रे जरा जोरात लावला की रुसणार, सकाळी चालू केलं की आधी पाच मिनिटं घसा खाकरणार. लतिकाताईंनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं जावईबापू.

गणपती आले. वाडीच्या मंडळाला पावत्या छापायच्या होत्या, कार्यक्रमपत्रिका छापायच्या होत्या. तात्या म्हणाले, "अरे, आपल्याकडे मशीन असताना बाहेर कशाला जाता?" नुसतं म्हणून थांबले असते तर ते तात्या कसले! वाडीच्या तोंडाशी एक काळा फळा आहे. त्यावर पाणी कधी येणार ते असतं, सुविचार असतो, कोणाची किल्ली सापडली तर तेही असतं. तात्यांनी स्वतः खडू घेतला आणि सुविचाराच्या खाली, सुवाच्य अक्षरात, केंद्राच्या वायफायचा पासवर्ड लिहिला. गणपतीबाप्पामोरया, इंग्रजी अक्षरांत, सगळं एका ओळीत. बाजूला एक जास्वंदही काढली.

बाप्पा गेले. सुविचार रोज बदलत राहिले. पासवर्ड तसाच राहिला. पुसायचा तो कसा, त्यात बाप्पाचं नाव आहे ना! फळा पुसणारा रोज त्या ओळीभोवतीनं फडकं फिरवायचा.

याच दिवसांतली गोष्ट. एका दुपारी काळाचौकीहून शेवंतीबाई राऊळ आल्या. साठी उलटलेली, अंगानं काटक, डोळ्यांत मिश्कीलपणा. नवरा गिरणीत होता, जाऊन बरीच वर्षं झाली. त्या स्वतः परळच्या एका हॉस्पिटलात आया होत्या, आता निवृत्त. खुर्चीत बसल्या, मागे वळून दार बंद आहे ना बघितलं आणि म्हणाल्या, "नाव घालायचं आहे."

"मुलाचं का?" लतिकाताईंनी विचारलं.

"झिलाचां झाला कधीच. माझां."

लतिकाताईंना हसू आलं, पण ते निराळं. पोटातून वर आलं आणि डोळ्यांतच थांबलं. त्यांना ती बाई फार म्हणजे फार आवडली.

शेवंतीबाईंनी बायोडेटा स्वतःच लिहून आणला होता. त्यात आवडीनिवडीसमोर लिहिलं होतं, "मोठ्याने रेडिओ ऐकणे. बांगड्याचे तिखले. भांडण झाले तर त्याच दिवशी मिटवणे, दुसऱ्या दिवशीसाठी ठेवत नाही." लतिकाताईंनी तो स्कॅन करायला जावईबापूंच्या पोटात घातला तेव्हा शेवंतीबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "मुलाला, सुनेला, चाळीतल्या कोणाला यातला शब्द कळता नये, गो. चाळीत आयुष्य गेलां माझां. उद्या नळावर बायका काय काय बोलतील, तुला सांगायला नको."

"शेवंतीबाई," लतिकाताई म्हणाल्या, "या कानाचं त्या कानाला कळणार नाही. माझा शब्द."

आणि शब्द म्हणजे शब्द. त्यांनी तो बायोडेटा तात्यांनासुद्धा दाखवला नाही.

आता खंडेनवमी. त्या दिवशी केंद्रात यंत्रांची पूजा असते. कॉम्प्युटरला हळदकुंकू, स्टेपलरला फूल, कात्रीला फूल, आणि जावईबापूंना झेंडूचा असा घसघशीत हार की फक्त लाल दिवा तेवढा दिसत होता. तात्यांनी नारळ वाढवला, पेढे ठेवले आणि दरवर्षीप्रमाणे जाहीर केलं, "आज यंत्रांना विश्रांती. कोणी हात लावायचा नाही." लतिकाताई पेढा तोंडात टाकत होत्या. ऑफिसात दोघंच.

तेवढ्यात जावईबापूंनी घसा खाकरला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हार थरथरला. आतून घर्रघर्र आवाज आला आणि झेंडूच्या पाकळ्या उडवत एक कागद बाहेर पडला. मग दुसरा. मग तिसरा. मग धडाधड सुटलेच!

तात्यांनी डोळे मिटून हात जोडले. "आई जगदंबे! आई, प्रसन्न झालीस!"

लतिकाताईंनी एक कागद उचलला. वर सुबक अक्षरात लिहिलं होतं, "भोंडल्याची गाणी. संध्याकाळी वाडीच्या चौकात. खिरापत ओळखा."

संपल्या! बाई जमिनीवरच बसल्या. जगदंबा प्रसन्न झाली आणि तिनं खिरापत ओळखायला सांगितली! एकीकडे तात्या चप्पल काढून आणखी वाकून नमस्कार करतायत, दुसरीकडे जावईबापू गाणी ओकतायत, कुंकवाचे ठसे उमटलेले कागद खोलीभर उडतायत, आणि लतिकाताईंच्या घशात पेढा अडकलाय पण हसू थांबत नाहीये. दारात दुसऱ्या मजल्यावरची प्राची आली. "आले का कागद, ताई? घरातनंच पाठवले मी, मोबाइलवरून. मस्त सोय केली हो तात्यांनी."

"घरातनं?" लतिकाताईंनी डोळे पुसत विचारलं.

"हो. कुठूनही होतं. चौकातनंपण होतं."

आणि बाईंचं हसू अर्ध्यावर थांबलं. कुठूनही कागद आत येतो. मग आतला कागद बाहेर जात नसेल कशावरून? ज्या मशीनच्या पोटात त्यांनी रोज लोकांचे पगार, पत्रिका, मोडलेली लग्नं घातली, शेवंतीबाईंना घातलं, त्या मशीनचं दार सताड उघडं होतं की काय?

त्यांनी लगेच विनीतला फोन लावला. लालबागचा हा पोरगा कंपन्यांच्या कॉम्प्युटरची सुरक्षा बघतो. त्याचं आणि मेघनाचं लग्न याच केंद्रातून जमलेलं, त्यामुळे लतिकाताईंनी बोलावलं की तो हातातला घास टाकून येतो. बाइकवरून आला, पण आत शिरलाच नाही. वाडीच्या तोंडाशी फळ्याखाली उभा राहिला आणि त्यानं लतिकाताईंना तिथेच बोलावलं.

"ताई, मी आता तुमच्या वाडीतला नाही, केंद्रातला नाही, रस्त्यावरचा कोणीही आहे. बघा हां." त्यानं फळा वाचला, मोबाइलवर बाप्पाचं नाव टाकलं, दोन-तीन ठिकाणी बोट लावलं. "मशीनचा स्वतःचा पासवर्ड कंपनीतून आला तसाच ठेवलाय. तो तर सगळ्या जगाला माहीत असतो. आणि हे बघा मशीनचं पोट."

लतिकाताईंनी पाहिलं. एकाखाली एक नावं. त्यांनी स्कॅन केलेला प्रत्येक कागद तिथे होता. बोट लावलं की उघडत होता. भर रस्त्यात, उसाच्या रसवाल्याच्या शेजारी!

"अरे देवा," त्या एवढंच म्हणाल्या.

"आपल्याला वाटतं कागद छापून झाला की संपलं. पण हे मशीन म्हणजे कॉम्प्युटरच आहे, ताई. सगळं लक्षात ठेवतं. लोक कॉम्प्युटरला कुलूप लावतात आणि याला हार घालतात."

"कोणी बघितलं का, ते कळतं?"

विनीतनं आणखी कुठेतरी बोट लावलं. मग म्हणाला, "बाकी कशाला कोणी हात लावलेला नाही. एकच कागद उघडलाय, तोही एकाच फोनवरून. पण रोज उघडलाय, ताई. रोज संध्याकाळी."

"कुठला कागद?"

"राऊळ, शेवंती."

आयुष्यात पहिल्यांदा लतिकाताईंना वाटलं की आपल्याला रडू येणार, आणि ते हसण्यासारखं दिसणारही नाही.

पुढचा तासभर वाडीत नुसती धमाल! तात्या दारात आडवे. "आज यंत्राला हात लावायचा नाही, विनीत. शास्त्र आहे." विनीत म्हणाला, "हात कुठे लावतोय तात्या, मोबाइलवरून करतोय. मी करू शकतो तसं चोरही करू शकतो, तेच तर सांगतोय." तात्यांना ते एकदम पटलं आणि ते इतके घाबरले की त्यांनी उरलेले पेढे विनीतलाच देऊन टाकले. विनीतनं मशीनचं पोट रिकामं केलं, कागद साठवणं बंद केलं, वाडीसाठी वायफायची वेगळी लाइन काढली जी केंद्राला शिवणारही नाही, आणि यापुढे मशीनसमोर उभं राहून नंबर दाबल्याशिवाय एक कागद बाहेर येणार नाही असं करून ठेवलं. नवे पासवर्ड लतिकाताईंनी स्वतः घातले, सगळ्यांकडे पाठ करून, कोपर आडवं धरून. तात्यांनी विचारलं, "मला तरी सांगशील?" "नाही," बाई म्हणाल्या. मग ओलं फडकं घेऊन गेल्या आणि फळ्यावरची ती ओळ जास्वंदीसकट खसाखसा पुसली. फळा पुसणारा बघतच राहिला.

आता तो फोन कोणाचा? फोनला मालकानं दिलेलं नाव मशीननं टिपून ठेवलं होतं. मनोहर चोणकर.

मनूभाऊ? मंडळाचे खजिनदार मनूभाऊ? बँकेतून निवृत्त झालेला, इस्त्रीच्या शर्टातला, बायको गेल्यापासून कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस? लतिकाताई तरातरा मंडळाच्या खोलीत गेल्या. मनूभाऊ एकटेच खुर्च्या पुसत होते. लतिकाताईंचा हसरा नसलेला चेहरा पाहिला आणि त्यांच्या हातातलं फडकं गळालं.

"वाचलात?" बाईंनी विचारलं.

"पावत्या स्कॅन केल्या होत्या, त्या शोधत होतो," मनूभाऊ म्हणाले. "पहिल्यांदा चुकून उघडला, लतिकाताई. आईशप्पथ."

"आणि नंतर?"

"नंतर चुकून नाही."

"लाज नाही वाटली?"

"वाटली ना. रोज वाटायची. वाचून झालं की वाटायची."

दुसरा कुठला दिवस असता तर लतिकाताई तिथेच कोसळल्या असत्या हसून. आज त्यांनी मनूभाऊंना असं धुतलं, असं धुतलं, की बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांनी हेवा करावा. एका बाईनं विश्वासानं ठेवलेली गोष्ट आहे ती, तुम्ही काय पेपर समजलात? कोणाला बोललात? नाही? देवाशपथ नाही? ठीक. मी आत्ता जाऊन त्यांना सांगणार आहे, आणि त्या म्हणाल्या पोलिसात जा, तर मी स्वतः तुम्हाला हात धरून नेणार आहे!

"बरोबर आहे तुमचं," मनूभाऊ म्हणाले आणि खाली बघत राहिले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या.

बसमध्ये काळाचौकीपर्यंत लतिकाताई मनातल्या मनात वाक्यं जुळवत होत्या. एकही जुळलं नाही. इतकी वर्षं त्यांची एकच मिजास होती, माझ्याकडून काही फुटत नाही. आता कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि शेवंतीबाईंच्या चाळीत हे आधीच पोचलं असलं तर? जिना चढताना त्यांना प्रत्येक दारातली बाई आपल्याकडे बघून कुजबुजतेय असं वाटायला लागलं.

दार सुनेनं, दीपिकानं उघडलं. घरात घट बसलेला, उदबत्तीचा वास, रेडिओ मोठ्यानं चालू. शेवंतीबाईंनी लतिकाताईंना पाहिलं मात्र, "अगो, भजनातली मैत्रीण आली माझी!" असं ठोकून दिलं आणि त्यांना दंडाला धरून गॅलरीच्या पार टोकाला नेलं.

लतिकाताईंनी सगळं सांगितलं. मशीन, फळा, बाप्पाचा पासवर्ड, रस्त्यावर उघडलेला कागद. काही लपवलं नाही, काही तात्यांवर ढकललं नाही. "मी शब्द दिला होता. तो मला पाळता आला नाही. तुम्ही म्हणाल ते करीन," त्या म्हणाल्या आणि मग मात्र त्यांना रडू फुटलं.

शेवंतीबाईंचा चेहरा दगडासारखा झाला. "सुनेला कळलां?"

"नाही."

"मुलाला? चाळीत?"

"कोणालाही नाही. एकाच माणसानं वाचलाय. आमच्या वाडीतले आहेत. त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही, मी बजावून आलेय. बँकेत होते. बायको नाही त्यांना."

खाली चौकात कोणीतरी दसऱ्यासाठी झेंडूचे हार ओवत बसलं होतं, तिकडे शेवंतीबाई बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "लतिका, एक सांग. मी नाव घातल्यापासून तू माझा कागद किती जणांना दाखवलास?"

"एकालाही नाही!" लतिकाताईंनी नाक पुसत, जरा अभिमानानंच सांगितलं. "शप्पथ घेऊन सांगते. तात्यांनाही नाही. माझा शब्द होता ना."

"अगो बाय माझे!" शेवंतीबाईंनी कपाळावर हात मारला. "मी मुलाला नि चाळीला सांगू नको म्हटलां. होणाऱ्या नवऱ्याला सांगू नको असां कधी म्हटलां? लग्नासाठी नाव घातलांय मी, की लपून बसायला? रोज फोनची वाट बघतेय. मला वाटलां, कोणी विचारतच नाही. या वयात कोण विचारणार, म्हणून मी मनाची समजूतपण घालून बसले. आणि तू मला पेटीत घालून वर बसलीस!"

लतिकाताईंचं तोंड उघडंच राहिलं. खरंच की! रोज दोन-चार स्थळं येत होती, त्यांतली काही शेवंतीबाईंच्या वयाचीही होती, आणि प्रत्येक वेळी बाईंनी तो एक कागद सोडून बाकी सगळे पुढे केले होते. कोणाला कळता नये म्हणून. इतक्या काळजीनं जपलं होतं त्यांनी शेवंतीबाईंना, की कोणाला दिसूच दिलं नव्हतं. आणि त्यांना कधी, एकदाही, ते जाणवलं नव्हतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "ते मशीनचं चुकलं त्याहून हे जास्त चुकलं."

"मग!" शेवंतीबाई म्हणाल्या. पण आवाजातला राग निघून गेला होता. भांडण त्याच दिवशी मिटवायची सवय ना! त्यांनी पदर सारखा केला, आत सुनेचा कानोसा घेतला आणि लतिकाताईंच्या अगदी जवळ सरकल्या. गालांवर कुठूनशी लाली आली होती.

"रोज वाचायचा म्हणालीस?"

"रोज संध्याकाळी."

"तोच कागद?"

"तोच."

"सगळा वाचायचा, की फोटोच बघायचा?"

"फोटो कुठे लावलाय आपण? नुसता मजकूर आहे."

"म्हणजे तिखल्याचांपण वाचलान त्यानं." शेवंतीबाई स्वतःशीच हसल्या, मग तोंडावर हात ठेवून हसल्या, मग दोघी गॅलरीच्या कठड्याला धरून अशा हसत सुटल्या की आतून दीपिकानं रेडिओ बारीक करून विचारलं, "काय झालं हो आई?"

"काय नाही गो, भजनातली गोष्ट!" शेवंतीबाईंनी ओरडून सांगितलं. डोळे पुसले. आणि मग एकाएकी त्यांचा चेहरा बदलला, लहान मुलीसारखा काळजीनं भरून आला.

"लतिका, तू आता सगळ्याला कुलूप लावून आलीस ना?"

"हो. एकदम पक्कं. पोटातलं सगळं पुसून टाकलं."

"मग आज सांजेक काय वाचतलो गो तो?"